आमीन, टाळ आणि कलम २९६

नमाज चालू असताना एका माणसाने 'आमीन' मोठ्याने म्हटलं. त्या मशिदीत बाकीचे लोक ते मनातल्या मनात म्हणायचे, तिथली वर्षानुवर्षांची पद्धत तशी होती, आणि हा माणूस नि त्याचे सोबती ज्या पंथाचे होते तो पंथ सांगायचा की आमीन मोठ्यानेच म्हणावं. झालं, वादावादी झाली, प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे गेलं, मॅजिस्ट्रेटने धार्मिक सभेत अडथळा आणला म्हणून दोषी ठरवलं, आणि ते वर सरकत सरकत १८८५ साली अलाहाबाद हायकोर्टाच्या फुल बेंचपुढे, म्हणजे बऱ्याच न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे, येऊन उभं राहिलं. खटल्याचं नाव क्वीन-एम्प्रेस विरुद्ध रमजान. एकीकडे लंडनमध्ये बसलेली सम्राज्ञी, दुसरीकडे रमजान नावाचा एक नमाजी, आणि मधे एक शब्द, तोही नमाजातलाच.

मी वकील नाही. ठाण्यात वाढले, बँकेत नोकरी करते, आणि या खटल्यापर्यंत पोचले ते आईच्या भजनी मंडळामुळे. कोपरीला आमच्या सोसायटीच्या छोट्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ बायका जमतात, पेटी, ढोलकी, टाळ, माईक वगैरे काही नाही, आणि दीड-दोन तासांत आरती होऊन शेंगदाणे-गूळ वाटून घरी. पहिल्या मजल्यावर नवीन आलेल्या एकाची नाईट शिफ्ट असायची, तो संध्याकाळी झोपायचा, त्याने आधी सेक्रेटरीला सांगितलं, मग एकदा वैतागून पोलिसांना फोन केला. बीट मार्शल आले, तेही बिचारे चपला बाहेर काढून आत आले आणि म्हणाले, मावशी, दार लावून घ्या आणि टाळ जरा बेताने. आई म्हणाली, अहो दादा, टाळ बेताने वाजवला तर तो टाळ कसला. त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जे पेटलं ते मात्र वाईट होतं. कुणीतरी लिहिलं की त्याच्यावरच केस टाका, धार्मिक कार्यात अडथळा आणल्याची, वर्षभर आत जाईल. दहा अंगठे पडले त्या मेसेजला. नंतर वेळ पुढेमागे करून ते प्रकरण मिटलं, तो माणूस आता आईशी जिन्यात बोलतोही, पण 'वर्षभर आत जाईल' हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. देवाच्या नावाने चाललेल्या गोष्टीत कुणी व्यत्यय आणला तर त्याला तुरुंगात टाकायचं, हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं?

लिहिलेलं आहे ते असं. भारतीय दंड संहिता, १८६० चा कायदा, १ जानेवारी १८६२ पासून लागू. त्यात पंधरावं प्रकरण धर्माविषयीच्या गुन्ह्यांचं. २९५ प्रार्थनास्थळ फोडणं-विटाळणं, २९६ पूजाअर्चा चालू असलेल्या जमावाला अडथळा आणणं, २९७ दफनभूमीत घुसखोरी, २९८ मुद्दाम धार्मिक भावना दुखावतील असं बोलणं. २९५-अ नंतरचं, १९२७ मधलं, लाहोरच्या एका पुस्तिकेच्या खटल्यानंतर घातलेलं. यातलं २९६ म्हणजे आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवाल्यांचं कलम. त्याला चार गोष्टी लागतात: जमाव पाहिजे, त्या घटकेला पूजा किंवा धार्मिक विधी खरंच चालू पाहिजे, तो जमाव कायदेशीर पाहिजे, आणि अडथळा जाणूनबुजून आणलेला पाहिजे. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे झोप लागत नाही म्हणून पोलिसांना फोन करणारा माणूस यात कुठेच बसत नाही, हे आमच्या ग्रुपवर कुणीतरी सांगायला हवं होतं.

याचा मसुदा मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या कायदा आयोगाने १८३७ मध्येच केला होता. त्या मसुद्याच्या टिपणात या प्रकरणाबद्दल एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की प्रत्येकाला स्वतःचा धर्म पाळू द्यावा आणि कुणालाही दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करू देऊ नये, आणि हे तत्त्व सगळ्याच सरकारांनी पाळलं तर चांगलं, पण हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारने ते सोडलं तर समाजच मोडून पडण्याचा धोका आहे. मला हे वाक्य आवडतं आणि त्याची भीतीही वाटते. आवडतं कारण त्यात सगळे धर्म एका रांगेत आहेत, राज्यकर्त्याचा धर्मसुद्धा त्याच रांगेत. भीती वाटते कारण त्याच्या तळाशी न्यायापेक्षा राज्य टिकवण्याची काळजी जास्त आहे. दंगा नको, एवढं साधलं की बास. आणि दंगा नको म्हटलं की साहेब विचारणार, आधीपासून इथे काय चालत आलंय? वहिवाट काय आहे? जे चालत आलंय तेच चालू दे, नवीन काही करणारा तो अडथळा आणणारा.

रमजानच्या बाबतीत नेमकं तेच झालं. त्या मशिदीची वहिवाट हळू आमीनची, म्हणून मोठा आमीन हा अडथळा. पण त्या फुल बेंचवर सय्यद महमूद नावाचे न्यायाधीश होते, सर सय्यद अहमद खानांचे चिरंजीव, हायकोर्टात बसलेल्या पहिल्या काही हिंदी न्यायमूर्तींपैकी एक. त्यांचं मत सहकाऱ्यांपेक्षा वेगळं पडलं. त्यांनी म्हटलं की मशीद ही नमाज पढणाऱ्या प्रत्येक मुसलमानाची, आणि आमीन म्हणणं हा नमाजाचाच भाग, मग ते मोठ्याने म्हणावं की हळू यावर शास्त्रकारांमध्ये मतभेद असतील तर मोठ्याने म्हणणाऱ्याला गुन्हेगार कसं ठरवणार? आणि हे ते नुसतं वरवर बोलले नाहीत, मूळ अरबी आधार घेऊन, हदीस आणि फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत जाऊन त्यांनी ते मांडलं. ब्रिटिश कोर्टात, ब्रिटिश कायद्याखाली, एका साध्या फौजदारी अपराधासाठी एवढा खोल विचार. त्यांनी प्रश्नच बदलला. तिथे काय चालत आलंय हे न विचारता त्यांनी विचारलं, हा माणूस तिथे काय करायला आला होता? तो प्रार्थना करायला आला होता का? मनापासून?

हा प्रश्न डोक्यात ठेवून मी वाचत गेले आणि लक्षात आलं की या प्रकारच्या गुन्ह्यांत दारुडा किंवा टवाळ पोरगा फार क्वचित भेटतो. दोषी ठरलेला माणूस बहुतेक वेळा स्वतः भक्तच असतो. वेगळ्या तऱ्हेचा भक्त.

सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याकडचं नाहीच, ते तिकडे अमेरिकेतलं, मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं. ही वसाहत वसवली प्युरिटन लोकांनी, ज्यांना इंग्लंडमध्ये त्यांच्या पद्धतीने उपासना करू दिली जात नव्हती. समुद्र ओलांडून आले, आणि स्वतःचं राज्य आल्यावर १६४६ मध्ये त्यांनी कायदा केला की दर रविवारी मीटिंग हाऊसमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, हजर राहायचंच, गैरहजेरीला पाच शिलिंग दंड. आणि त्याच वर्षीचं दुसरं कलम: प्रवचन चालू असताना कुणी उपदेशकाला मधे तोडलं किंवा त्याच्यावर खोटा आरोप केला तर पहिल्यांदा भर सभेत कानउघाडणी, दुसऱ्यांदा पाच पौंड दंड, नाहीतर प्रवचनाच्या दिवशी चार फूट उंच ठोकळ्यावर दोन तास उभं राहायचं, छातीवर मोठ्या अक्षरांत अपराध लिहिलेला कागद लावून. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढायचे ना, तसंच, फक्त इथे कायद्याच्या पुस्तकात उंचीसकट लिहिलेलं.

मग १६५६ पासून तिथे क्वेकर यायला लागले. क्वेकर लोकांची उपासना म्हणजे शांत बसणं. पुरोहित नाही, गाणं नाही, सगळे गप्प बसून राहायचे आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलायचा. आणि अशा या शांत लोकांवर बॉस्टनमध्ये सगळ्यात जास्त गाजलेला आरोप कुठला, तर उपासनेत गोंधळ घातल्याचा! कारण ते प्युरिटनांच्या सभेत जाऊन उभे राहायचे आणि आतून आलेलं तिथेच बोलायचे. फटके, कान कापणं, हद्दपारी, आणि हद्दपार केलेलं कुणी परत आलं तर फाशी. १६५९ ते १६६१ या काळात चौघांना फाशी दिलं, त्यात मेरी डायर ही बाई, १ जून १६६० ला. राजा दुसऱ्या चार्ल्सचं १६६१ चं पत्र आलं तेव्हा फाशी थांबली, फटके थांबले नाहीत.

जुलै १६७७ मधला एक रविवार. बॉस्टनच्या नव्या मीटिंग हाऊसमध्ये प्रवचन चालू आहे आणि दारातून मार्गारेट ब्रूस्टर नावाची क्वेकर बाई आत येते. अंगावर गोणपाटाचा झगा, केस मोकळे पिंजारलेले, तोंड शाईसारखं काळं, बरोबर आणखी काही क्वेकर. सॅम्युअल सेवॉल नावाचा पंचविशीतला तरुण त्या दिवशी तिथे बसला होता, त्याने डायरीत लिहून ठेवलंय की एवढा मोठा आणि थक्क करणारा गोंधळ मी आयुष्यात पाहिला नाही. ती बार्बाडोसहून आलेली, क्वेकरांचा छळ थांबवा नाहीतर या गावावर देवीची साथ येईल, असं सांगायला आली होती. जुन्या करारातले संदेष्टे असेच गोणपाट नेसून, राख फासून यायचे, म्हणजे तिच्या दृष्टीने ती शास्त्राप्रमाणेच वागत होती. तिला शिक्षा झाली ती अशी की कमरेपर्यंत उघडी करून, गाडीच्या मागे बांधून, गावातून चाबकाचे फटके मारत न्यायचं. आणि सुरुवात कुठून? त्याच मीटिंग हाऊसपासून.

मी इथे थांबते दर वेळी वाचताना. एका बाईने प्रार्थना अर्धवट थांबवली म्हणून भर रस्त्यात दुसऱ्या बाईबापड्यांच्या, पोराबाळांच्या समोर तिची ही अवस्था, आणि हे करणारे लोक स्वतःला देवाची माणसं म्हणवून घेत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आता तो डायरीवाला तरुण. सॅम्युअल सेवॉल पुढे न्यायाधीश झाला आणि १६९२ मध्ये सेलमच्या चेटकीण खटल्यांच्या कोर्टात बसला, तिथे एकोणीस जणांना फाशी झाली. पाच वर्षांनी, जानेवारी १६९७ मध्ये, त्याने माझं चुकलं असा कबुलीजबाब लिहून उपदेशकाच्या हातात दिला आणि तो सगळ्या मंडळीसमोर वाचला जात असताना आपल्या जागेवर उठून उभा राहिला. उपासना चालू असताना. आणि तेही कुठे, तर ज्या मंडळीच्या सभेत मार्गारेट ब्रूस्टर गोणपाट नेसून आली होती तिथेच. वीस वर्षांच्या अंतराने दोन माणसं एकाच छताखाली सांगतायत की आपल्या गावात न्यायाच्या नावाने पाप होतंय. एकीला चाबूक, आणि दुसऱ्याचं नाव आजही आदराने घेतात. सेवॉलबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट असं उभं राहायला किती धैर्य लागत असेल. पण तो त्या सभेचा सभासद होता, त्याची तिथे बसायची जागा ठरलेली होती. तिची नव्हती.

ठाण्यात राहून बॉस्टनचं काय घेऊन बसलीस असं माझा भाऊ म्हणाला. पण ठाण्यात राहूनच हे जास्त कळतं असं मला वाटतं. मासुंदा तलावाच्या आजूबाजूला फिरा, कौपिनेश्वराचं शंकराचं देऊळ आहे, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, मशीद आहे, टेंभी नाक्याकडे बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, १८७९ सालचं सिनेगॉग आहे, आणि तिथून कोर्टनाक्याला या, कोर्ट, आणि शेजारी किल्ल्याच्या भिंतीआडचं सेंट्रल जेल. सगळं पायी. या एवढ्याशा तुकड्यात देवाच्या नावाने कुणाला काय शिक्षा झाली हे पाहायला गेलं तर सातशे वर्षं मागे जावं लागतं. एप्रिल १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. चीनला निघालेले, वाटेत ठाण्याला उतरलेले, इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिलेले. त्या घरातल्या नवराबायकोच्या भांडणाची तक्रार काझीकडे गेली, साक्षीला यांना बोलावलं, तिथे धर्माची चर्चा निघाली, पैगंबराबद्दल तुमचं काय मत असं विचारलं, आणि त्यांनी जे उत्तर दिलं त्यावर त्यांचा जीव गेला. ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी थोड्याच काळाने ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनपर्यंत गेला. केवढा प्रवास!

मग १५३४ च्या तहाने हा सगळा पट्टा पोर्तुगीजांकडे. त्यांच्या राज्यात प्रश्नच वेगळा, कारण तिथे हिंदूंची नि मुसलमानांची उघड उपासना हाच गुन्हा. देवळं पाडली, सण-विधी उघडपणे करायला बंदी, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मद्रोह शोधणारं न्यायालय. आपल्याकडे जुनी माणसं सांगतात की कौपिनेश्वराची पिंड तलावात सापडली, आणि त्या काळाची कल्पना केली तर देव तलावात का गेला असेल हे वेगळं सांगायला नको. १७३७ ला मराठे आले, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी देऊळ बांधलं. चर्चही उभंच राहिलं. १७७४ ला इंग्रज आले, किल्ल्याचं पुढे जेल झालं, त्याच जेलमध्ये १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. हे सगळं मागे ठेवून पाहिलं ना, तर १८६० चं ते रुक्ष कलम एकदम मोठं वाटायला लागतं. सिनेगॉगमध्ये शब्बाथला मूठभर माणसं जमत असतील, त्यांच्या बाजूने ना राजा ना जमाव, तरी त्यांच्या प्रार्थनेत कुणी मुद्दाम धुडगूस घातला तर त्याला तीच शिक्षा जी सगळ्यात मोठ्या देवळात घातल्यावर झाली असती. पोर्तुगीज काळात हे स्वप्नातही आलं नसतं. हे श्रेय मी इंग्रजांना द्यायला तयार आहे.

पण वहिवाट. फिरून गाडी तिथेच येते.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली, ११ तारखेला, शुक्रवारच्या नमाजानंतर, जामा मशिदीच्या परिसरात सुरुवात. त्याआधी काठेवाडात प्रभासपाटणला दंगा झालेला, गोरक्षणाची चळवळ तापलेली, आणि त्यात मशिदीजवळच्या देवळातल्या वाद्यांचा मुद्दा. सैन्य बोलवावं लागलं. त्याच काळात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि मशिदीवरून वाजत जायचं की नाही हा पुढची कित्येक वर्षं सगळ्यात नाजूक प्रश्न होऊन बसला. १८९४ ला पुण्यात सरकारने मशिदीसमोर वाद्यं बंद ठेवण्याचा हुकूम काढला, लोक खवळले. पोलिसांचे परवाने आले, कुठल्या रस्त्याने, किती वाजता, कुठे ढोल थांबवायचे. कलम २९६ इथे तोकडं पडलं कारण मिरवणूक हीसुद्धा उपासना आणि नमाज हीसुद्धा उपासना, मग अडथळा कोण आणतंय? शेवटी १९२० च्या दशकात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, एका शिया-सुन्नी प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक, आपल्या विधींसकट, न्यायचा हक्क आहे, फक्त मॅजिस्ट्रेटच्या हुकमाच्या आणि इतर वाटसरूंच्या हक्कांच्या अधीन राहून. तोवर वहिवाट सिद्ध करायला दोन्हीकडचे म्हातारे कोर्टात साक्षी देत होते, आमच्या आजोबांच्या वेळी वाजायचं, आमच्या आजोबांच्या वेळी नाही वाजायचं.

या भांडणात दोघांकडेही आजोबा होते. ज्यांच्याकडे सांगायला वहिवाटच नव्हती, किंवा होती ती बाहेर उभं राहण्याची, त्यांचं काय झालं ते बघा. १९२४ च्या नागपूरकडच्या एका खटल्यात काही महार मंडळी देवळात, रूढीने त्यांना जिथपर्यंत जायची मुभा होती त्याच्या पुढे गेली. देवाच्या जवळ. कोर्टाने ठरवलं की रूढी माहीत असताना असं आत जाणं म्हणजे कलम २९५ खाली प्रार्थनास्थळ विटाळणं. माणूस हात जोडून दर्शनाला गेला आणि कायद्याच्या भाषेत तो मूर्ती फोडणाऱ्याच्या पंक्तीला बसला. त्याचं पाऊल हाच विटाळ. हे वाचलं त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. धर्माधर्मात भेद करायचा नाही म्हणून ज्या कायद्याचा अभिमान, त्याच कायद्याने एका धर्माच्या आतला सगळ्यात क्रूर भेद सरकारी शिक्का मारून पक्का करून दिला. आणि तो इंग्रजांनी जन्माला घातला नव्हता, तो आपलाच होता, त्यांनी फक्त कोर्टात विचारलं की वहिवाट काय, आणि आपल्या लोकांनी शपथेवर सांगितलं.

महमूद साहेबांचा प्रश्न तिथे कुणी विचारला असता तर? हा माणूस आत काय करायला आला होता?

२ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड, रणखांबे अशी माणसं पुढे. दारं बंद. बाहेर हजारो लोक बसलेले, आणि बंद दारांपुढे पोलीस. त्या वर्षीच्या रथोत्सवात दगडफेक झाली, सत्याग्रह काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. तिथे सरकारची भूमिका काय, तर शांतता भंग होऊ नये. कुणाची शांतता? आत कुणी पूजा करत नव्हतं, दारच बंद होतं. तरी जपायची ती आतली शांतता, आणि बाहेर उन्हात बसलेल्या, रामाचं नाव घेणाऱ्या माणसांचा जमाव म्हणजे धोका.

पुढचा बदल मात्र बघण्यासारखा आहे आणि तो फार लवकर झाला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींचं पंढरपूरला उपोषण, विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा. मग राज्यघटनेचं कलम १७, अस्पृश्यता बंद करणारं. आणि १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्यात सार्वजनिक देवळात जाण्यापासून, तिथे पूजा-प्रार्थना करण्यापासून कुणाला अस्पृश्यतेच्या कारणाने अडवलं तर अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९२४ ला आत जाणारा गुन्हेगार, १९५५ ला अडवणारा गुन्हेगार. देऊळ तेच, उंबरा तोच, एकतीस वर्षं. ज्या लोकांना अजूनही वाटतं की कायद्याने समाज बदलत नाही त्यांना मी हे सांगत असते. कायदा आपोआप बदलला नाही हेही खरं, तो काळारामच्या पायऱ्यांवर बसलेल्यांनी बदलायला लावला.

आता २९६ नंबर राहिला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते कलम ३०० आहे, मजकूर जवळपास तोच, शिक्षा तीच एक वर्ष. वसाहतीचे कायदे गेले म्हणून पेढे वाटले गेले पण हे प्रकरण तसंच्या तसं पुढे आलं, आणि खरं सांगू, मला त्यात वाईट वाटत नाही. एखाद्या चाळीतल्या खोलीत दहा माणसं प्रार्थनेला जमतात आणि बाहेरून टोळकं येऊन दार बडवतं, असं आजही होतंच, आणि त्या दहा माणसांना हे कलम हवं आहे. माझी तक्रार कलमाबद्दल नाही, ते कुणाच्या हातात सापडतं याबद्दल आहे. ज्यांच्या मागे जमाव आहे ते ते पटकन उचलतात. ज्यांच्यासाठी ते केलं ते पोलीस स्टेशनची पायरी चढायला घाबरतात.

आवाजाचंही बोलायला हवं कारण ठाण्यात राहून त्याबद्दल न बोलणं खोटेपणा होईल. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सांगितलं की दुसऱ्याची शांतता भंग करून, भोंगे लावून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. म्हणजे १८६० चा कायदा उपासनेला गोंगाटापासून वाचवत होता आणि १४० वर्षांनी कोर्टाला शेजाऱ्यांना उपासनेपासून वाचवावं लागलं. मंडप आणि आवाजाबद्दल मुंबई हायकोर्टात गाजलेली एक याचिका ठाण्यातल्याच एका डॉक्टरांची, याचा मला अभिमान आहे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात खाली डीजेच्या भिंती लागल्या होत्या, खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि बाबा उशी कानावर धरून पडले होते. तेव्हा खाली जाऊन बोलायची कुणाची छाती झाली नाही, आमची तर नाहीच. आणि हीच माणसं सात-आठ म्हाताऱ्यांच्या टाळांसाठी एका नाईट शिफ्टवाल्याला वर्षभर आत टाकायला निघाली होती. आवाज किती आहे याच्याशी या रागाचा काही संबंध नसतो, तो कुणाचा आहे याच्याशी असतो.

महमूद साहेबांचं ते मत जुन्या लॉ रिपोर्टमध्ये छापलेलं आहे, नेटवर सापडतं, भाषा जड आहे पण कायदा शिकणाऱ्या मुलांनी तरी जरूर वाचावं. मी सध्या दुसऱ्या एका गोष्टीच्या मागे आहे. मिरवणुकीचे ते जुने पोलीस परवाने, रस्ता आणि वेळ लिहिलेले, ठाण्यातल्या जुन्या मंडळांकडे, ताबूत बसवणाऱ्या घरांकडे, वारकरी दिंड्यांकडे कुणीतरी जपून ठेवले असणार. कौपिनेश्वराच्या किंवा मशिदीच्या बाजूच्या गल्लीतून कोण कधी वाजत जायचं आणि कुठे थांबायचं हे त्यावर लिहिलेलं असेल. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असा एखादा कागद असेल तर मला कळवा, मी घरी येऊन बघेन, फोटो काढेन आणि कागद तिथेच ठेवून परत येईन.